खिशातलं पिस्तूल ऐनवेळी दगा का देतं? परवानाधारकांचे अनुभव आणि घ्यायची काळजी

तालुक्यात परवान्याचं हत्यार बाळगणारे लोक थोडे आहेत. कुणी पेट्रोलपंप चालवतो, कुणी कांद्या-द्राक्षाच्या व्यापारात रोख रक्कम घेऊन फिरतो, कुणी निवृत्त फौजी आहे, तर कुणाला वस्ती गावापासून लांब म्हणून परवाना मिळालेला आहे. पूर्वी घरात बारा बोअरची लांब बंदूक असायची. आता कमरेला किंवा बंडीच्या आत मावेल अशा छोट्या पिस्तुलाकडे आणि रिव्हॉल्वरकडे लोकांचा ओढा आहे. त्यासाठी लाखाच्या घरात पैसे जातात, परवान्यासाठी कलेक्टर ऑफिस आणि पोलीस स्टेशनचे हेलपाटे होतात ते वेगळेच. एवढं करून घेतलेलं हत्यार गरजेच्या वेळी चालेल का, हा प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात.

बऱ्याच मालकांशी बोलल्यावर एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे येते. हत्यार घेतल्यापासून दहा-पंधरा वर्षांत एकही गोळी उडवलेली नाही, असे मालक बरेच आहेत. गोळ्या महाग, मोजून मिळतात, म्हणून जपून ठेवल्या. पण ज्या पिस्तुलातून गोळी सुटलेलीच नाही, ते भरवशाचं आहे की नाही हे कळणार कसं? दसऱ्याला हळदकुंकू लावून पुन्हा कपाटात ठेवलेलं हत्यार मालकाला धीर देतं, पण ते चालेल याची खात्री देत नाही. खाली दिलेली माहिती फक्त कायदेशीर परवाना असलेल्यांसाठी आहे.

बाजारात कोणती हत्यारं आहेत?

९ मिलिमीटरचं पिस्तूल आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला मिळत नाही. ते बोअर प्रतिबंधित आहे. नागरिकांकडे दिसतात ती मुख्यतः पॉइंट ३२ बोअरची हत्यारं. परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकासाठी १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे वडिलोपार्जित विलायती पिस्तुलं सोडली तर बरीचशी हत्यारं सरकारी आयुध निर्माणीची असतात. पॉइंट ३२ चं 'अशनी' पिस्तूल त्यातलंच. कानपूरच्या कारखान्याने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं साधारण ५०० ग्रॅम वजनाचं हलकं रिव्हॉल्वर आणलं, त्याची तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे पॉइंट ३२ चं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. अलीकडे काही खासगी कंपन्यांनाही देशात हत्यारं बनवण्याचा परवाना मिळाला आहे.

परवान्याचं हत्यार विक्रीला येण्याआधी त्याची प्रूफ टेस्ट होते आणि त्यावर तसा ठसा असतो. या चाचणीत जादा दाबाचं काडतूस उडवून नळी आणि चेंबर फुटत नाही ना, हे बघतात. ही मजबुतीची परीक्षा झाली. दहा वर्षांनी ते हत्यार न अडकता चालेल, असं त्या ठशावरून समजू नका.

लहान हत्यार जास्त नखरे का करतं?

पिस्तुलाचं काम समजून घेतलं की बरेच प्रश्न सुटतात. गोळी सुटली की धक्क्याने वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते. मग स्प्रिंग तिला पुढे ढकलते आणि येताना ती मॅगझीनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये सारते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पिस्तूल मोठं असेल तर स्लाइडला मागेपुढे जायला जागा भरपूर असते. पिस्तूल लहान केलं की ही जागा कमी होते. गोळी थोडी कमजोर निघाली, आत कचरा साठला किंवा हातात पकड ढिली राहिली, की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी अडकते.

परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत खिशात पिस्तूल बाळगणारे लाखो लोक आहेत. तिथे रुगर कंपनीने २००८ साली 'एलसीपी' नावाचं अगदी छोटं पिस्तूल आणलं. चेंबरमध्ये गोळी असताना ते खाली पडलं तर उडू शकतं, असं लक्षात आल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीने पिस्तुलं परत मागवून फुकट दुरुस्त करून दिली. रेमिंग्टन या जुन्या कंपनीने २०१४ मध्ये 'आर ५१' हे लहान पिस्तूल काढलं. गोळी नीट चढत नाही, स्लाइड पूर्ण बंद होत नाही अशा तक्रारी मालकांकडून आल्या आणि त्याच वर्षी ते मागे घ्यावं लागलं. दोन वर्षांनी सुधारणा करून ते पुन्हा विक्रीला आलं. तिथले दोष बाहेर आले, कारण मालकांनी पिस्तुलं रेंजवर नेऊन शेकड्यांनी गोळ्या उडवून बघितल्या. आपल्याकडे दोष असला तरी कपाटातच राहतो.

रिव्हॉल्वर बरं की पिस्तूल?

हा प्रश्न हमखास विचारला जातो. रिव्हॉल्वरमध्ये एखादी गोळी फुसकी निघाली, तर चाप पुन्हा ओढला की चकरी फिरून पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात तसं होत नाही. स्लाइड हाताने मागे ओढून ती गोळी बाहेर काढावी लागते आणि घाबरलेल्या माणसाला सराव नसेल तर ते जमत नाही. रिव्हॉल्वर गोळीच्या जोरावर चालत नाही, ते आपल्या बोटाच्या जोरावर चालतं. म्हणून कमजोर गोळीने त्याची चकरी अडत नाही.

पण रिव्हॉल्वर कधीच अडकत नाही, हा समज खरा नाही. पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली जळक्या दारूचा कण किंवा कचरा गेला, तर चकरी नीट बसत नाही. काडतुसाची टोपी थोडी बाहेर आलेली असेल तरी चकरी घासते आणि चाप जड होतो. पिस्तूल अडकलं तर ते बहुतेक वेळा हाताने मोकळं होतं, रिव्हॉल्वर आतून अडकलं तर ते कारागिराकडेच न्यावं लागतं. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच सराव करणाऱ्याला रिव्हॉल्वर सोपं पडतं, असं बहुतेक जुन्या मालकांचं मत आहे.

दगा दिसतो कसा?

मालकांच्या तक्रारी साधारण पाच प्रकारच्या असतात.

१. चाप ओढला, टक आवाज आला, बार उडाला नाही. काडतुसाची टोपी खराब आहे किंवा फायरिंग पिनचा मार कमी पडतोय. जुनी ओलसर गोळी, पिनच्या वाटेत साठलेलं घट्ट तेल आणि थकलेली स्प्रिंग ही नेहमीची कारणं.

२. गोळी चेंबरमध्ये चढत नाही, तिरकी अडकते. यात बहुतेक वेळा मॅगझीनचा दोष असतो. पडून मॅगझीनचे वरचे ओठ वाकतात, किंवा आतली स्प्रिंग ढिली होते.

३. रिकामी पुंगळी अर्धवट बाहेर येऊन उभी अडकते. गोळी कमजोर, मनगट ढिलं, किंवा पुंगळी ओढणारा आकडा घाण झालेला.

४. एकात एक गोळ्या अडकणं. पिस्तुलाच्या पॉइंट ३२ गोळीच्या बुडाला बारीक कडा असते. मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकींत अडकतात. भरताना वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेपुढे राहील हे बघा.

५. फुस्स असा बारीक आवाज आणि धक्का जवळजवळ नाही. हा सगळ्यात धोक्याचा प्रकार. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी गोळी उडवली तर नळी फुटते. असा आवाज आला की तिथेच थांबा, हत्यार रिकामं करा आणि कारागिराकडून नळी तपासून घ्या.

टक आवाज येऊन बार उडाला नाही, तर रेंजवर शिकवतात ते पाळा. नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. टोपी उशिरा पेट घेऊ शकते. लगेच नळीत डोकावणारा माणूस जिवाशी खेळतो.

गोळी एकाच नावाची, पण एक नाही

दुकानात नुसतं 'पॉइंट ३२ च्या गोळ्या द्या' म्हणू नका. रिव्हॉल्वरची पॉइंट ३२ गोळी लांब असते आणि तिच्या बुडाची कडा स्पष्ट बाहेर आलेली असते. पिस्तुलाची पॉइंट ३२ म्हणजे ७.६५ मिलिमीटरची गोळी आखूड असते. दोन्ही एकमेकींच्या जागी वापरायच्या नसतात. वडिलांचं रिव्हॉल्वर आणि मुलाचं पिस्तूल असलेल्या घरात डब्या एकत्र ठेवल्याने गोंधळ होतो. डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे आणि नागरिकांसाठीची काडतुसंही तिथे बनतात. कोणत्याही कारखान्याची गोळी असो, ती कशी ठेवली यावर पुढचं अवलंबून असतं. गोळ्या चामड्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं खोचून ठेवल्या, तर पितळेवर हिरवा थर चढतो. चामडं ओल धरतं. गोळ्यांना तेल लावणं हा आणखी एक चुकीचा उपाय. गंज सोडवायचं पातळ तेल टोपीच्या फटीतून आत जातं आणि गोळी निकामी करतं. गोळी कोरडी, तिच्या मूळ डबीत, थंड जागी आणि कुलपात ठेवावी. डबीवरचा लॉट नंबर आणि साल बघावं. हिरवी पडलेली, चेपलेली, टोपी बाहेर आलेली किंवा टोकाची गोळी हलणारी काडतुसं वापरू नयेत. ती उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नका. डीलर किंवा पोलीस स्टेशनला विचारून, नोंद करूनच द्या.

पाऊस, घाम, धूळ आणि खोबरेल तेल

आपल्याकडच्या हवेत हत्यार खराब होण्याची कारणंही आपल्याकडचीच आहेत. कमरेला लावलेल्या पिस्तुलाला उन्हाळ्यात घाम लागतो आणि त्यातल्या मिठाने दोन दिवसांत तांबूस डाग येतात. मळणीच्या दिवसांत भुसा आणि खिशातली तंबाखू-चुन्याची भुकटी मॅगझीनमध्ये जाते. पावसाळ्यात लोखंडी कपाटातसुद्धा ओल धरते.

घरात असलेलं तेल हत्याराला लावायची सवय वाईट. खोबरेल तेल थंडीत गोठतं हे घरातल्या बाटलीत आपण दरवर्षी बघतो. तेच फायरिंग पिनच्या वाटेत गोठलं तर पिनचा मार टोपीपर्यंत जोरात पोहोचत नाही. गोडेतेल कालांतराने चिकट होतं. बंदुकीचं तेल वेगळं मिळतं, तेच वापरा आणि तेही थेंबाने. जास्त तेलावर धूळ बसून चिखल होतो.

साफसफाईचा साधा नेम असा ठेवा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने आणि रेंजवरून आल्यावर त्याच दिवशी. आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज जीवघेणा आहे, एक गोळी चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवूनच साफ करायला बसा. ठेवताना चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. तेलाचा हात फिरवलेल्या सुती कापडात गुंडाळून, शेजारी ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा. त्या पुड्याही अधूनमधून बदलाव्या लागतात.

निवडणुकीत जमा केलेलं हत्यार

हा आपल्या भागातल्या मालकांचा खास अनुभव. निवडणुकीच्या आचारसंहितेत छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात आल्या. हत्यार असं महिनोन् महिने न पुसता पडून राहिलं, की नळीत गंज येतो, तेल वाळतं.

जमा करताना हत्यार रिकामं करून, साफ करून, तेलाचा हात फिरवून द्या. पावतीवर हत्याराचा नंबर, मॅगझीन किती आणि काडतुसं किती हे लिहून घ्या. परत मिळाल्यावर पावतीप्रमाणे मोजा. घरी आणून थेट गोळ्या भरू नका. आधी नळी आरपार स्वच्छ आहे का बघून घ्या. आपल्याकडे कुंभारीण माशी कुठल्याही नळीत मातीचं घर करते, त्याला बंदुकीची नळीही अपवाद नाही. नळी बंद असताना बार काढला तर नळी फुटून हातच जातो.

वडिलोपार्जित पिस्तूल

वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावरचं विलायती पिस्तूल हा घराण्याचा मान असतो. पण परवानाधारकाचं निधन झाल्यावर ते घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून वारसाने आपल्या नावाने परवाना मागायचा असतो. हत्यार हातात आल्यावर सगळ्यात आधी ते कारागिराला दाखवा. स्प्रिंगा थकलेल्या असतात आणि सुटे भाग मिळत नाहीत. बऱ्याच जुन्या हत्यारांत, खाली पडल्यावर पिन आपोआप अडवणारी सोय नसते. अशा पिस्तुलाच्या चेंबरमध्ये गोळी ठेवून फिरू नये. जुन्या रिव्हॉल्वरचं घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवावं. आजोबांच्या गोळ्या तर मुळीच भरवशाच्या समजू नका.

दुरुस्ती कुणाकडे?

लेथवाल्याकडे किंवा ओळखीच्या लोहाराकडे हत्यार नेऊ नका. शस्त्र दुरुस्तीलाही परवाना लागतो. बिनपरवाना दुरुस्ती करणारा आणि करून घेणारा दोघेही अडचणीत येतात. चाप हलका व्हावा म्हणून आतला भाग घासून घेतलेलं पिस्तूल धक्क्यानेही उडू शकतं. हत्यारावरचा नंबर आणि ठसे यांना हात लावणं हा तर गुन्हाच. गावठी कट्ट्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्याची कसली चाचणी नाही, नळी कशाची हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि जवळ सापडला तर तुरुंग.

भरवसा तपासायचा कसा आणि कुठे?

शेतात, नदीकाठी किंवा वरातीत बार काढून नाही. लग्नात किंवा मिरवणुकीत लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला, तर शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनची किंवा मान्यताप्राप्त शूटिंग रेंज असेल तिथे परवाना आणि हत्यार घेऊन चौकशी करा. गोळ्या परवान्यावर लिहिलेल्या संख्येतच घ्यायच्या आहेत. म्हणून त्यातल्या काही दरवर्षी सरावाला आणि बाकी बाळगायला, अशी विभागणी करा.

रेंजवर हे बघा: प्रत्येक मॅगझीन पूर्ण भरून एकदा तरी न अडकता चालतं का? जी गोळी बाळगता त्याच डबीतली चालते का? एका हाताने धरल्यावरही स्लाइड पूर्ण मागे जाते का? काय अडकलं, कोणत्या मॅगझीनला, कितव्या गोळीला, हे वहीत तारखेसह लिहा. तीच अडचण दुसऱ्यांदा आली तर तो योगायोग समजू नका. वही घेऊन डीलरकडे जा. मोघम तक्रारीपेक्षा लिहिलेली तक्रार कारागिराला लवकर कळते. वर्षभरापूर्वी भरून ठेवलेल्या गोळ्या दरवर्षी सरावात संपवाव्यात आणि बाळगायला नव्या घ्याव्यात, हे निवृत्त फौजी मालक आवर्जून पाळतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

• २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर जास्तीत जास्त दोन हत्यारं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. नूतनीकरणाची तारीख घरात भिंतीवर लिहून ठेवा.
• २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे पिस्तूल-रिव्हॉल्वर सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये आणि झाकून न्यायचं. काढून दाखवणं, फोटोसाठी रोखणं हे नियमाबाहेर.
• हत्यार कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा.
• हत्यार हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच पोलीस ठाण्यात कळवा.
• वर्षातून एकदा परवानाधारक कारागिराकडून तपासणी.
• अडकलेलं हत्यार हातात असताना नळी कधीही माणसाकडे, जनावराकडे किंवा स्वतःकडे वळवू नका.

पिस्तुलाची कंपनी कोणती, किंमत किती, यावर चावडीवर तासन् तास चर्चा होते. त्यापेक्षा शेवटची गोळी कधी उडवली, मॅगझीन कधी उघडून बघितलं आणि डबीवरचं साल कोणतं, या तीन प्रश्नांची उत्तरं आज संध्याकाळी घरी गेल्यावर शोधा. तिन्हीची उत्तरं देता आली नाहीत, तर तपासणी होईपर्यंत त्या हत्याराच्या जोरावर रात्री-अपरात्री रोख रक्कम घेऊन एकट्याने निघू नका.